लाईट घेणार नाही

(बार्शी इथं तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मघाशी अर्धा तास आपण अंधारात बसलो होतो. माईक बंद, पंखे बंद, घामाचा वास. मग एकदम उजेड पडला आणि मागं बसलेल्या पोरांनी आरोळी ठोकली, "आली!" काय आली ते कुणी विचारलं नाही. लाईट आली. वीज म्हणत बसलो असतो तर आरोळी ठोकायला वेळच लागला असता. विद्युतप्रवाह तर कधीच आला नसता, तो फक्त पुस्तकात येतो.

मला कवितेवर बोलायला बोलावलंय. मी कविता करतो खरा, पण पोट गोदीवर आहे. शिक्षण मॅट्रिक. कवितेवर बोलणारे एम.ए., पीएच.डी. लोक पुष्कळ आहेत, ते बोलतील. मी आज एका शब्दावर बोलणार. तो शब्द इंग्रजांचा आहे, पण माझ्या आज्जीलाही येतो, जिला अंगठ्याशिवाय दुसरी सही माहीत नव्हती. लाईट.

हा शब्द आपल्या तोंडात किती वेळा येतो बघा. लाईट गेली. लाईटबिल आलं. लाईट डीम झाली. लाईटचा खांब. ट्यूबलाईट. ट्रकवाला म्हणतो, समोरच्यानं लाईट मारली. चहा लाईट दे, म्हणजे दूध जास्त. लाईट कलरचा शर्ट. आज तब्येत ठीक नाही, लाईट काहीतरी खातो. आणि हल्ली कॉलेजातली पोरं एकमेकांना म्हणतात, "अरे लाईट घे ना यार." काही विनोदी मंडळी त्याचं मराठी करून "दिवे घ्या" असं म्हणतात. म्हणजे घेणाऱ्यानं ठरवायचं, दिवा घ्यायचा का हलकं घ्यायचं.

आणि तुमच्या गावात तर या शब्दानं रूळ टाकले. बार्शी लाईट.

लहानपणी मला वाटायचं, या गाडीला लाईट असते म्हणून ती बार्शी लाईट. तुमच्यापैकी किती जणांना असं वाटायचं? हात वर करा. बघा, निम्मं शिबिर आहे. पण त्या लाईटचा उजेडाशी काही संबंध नाही. लाईट रेल्वे म्हणजे हलकी रेल्वे. हलके रूळ, अरुंद मार्ग, कमी खर्च. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, आधी जीआयपी रेल्वेत नोकरी केलेला. त्यानं लंडनमध्ये कंपनी काढली आणि 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू केली. कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे. रुळांतलं अंतर अडीच फूट. मोठ्या गाडीचं साडेपाच फूट. पुढं 1906 ला गाडी पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पसारा झाला. 1954 साली सरकारनं ती कंपनीकडून विकत घेतली. 2008 मध्ये बार्शीच्या मार्गावर मोठी गाडी आली आणि बार्शी लाईट गेली. ही लाईट एकदा गेली ती परत आली नाही.

लहान असताना मी त्या गाडीत बसलोय. ती इतकी हळू जायची की तिच्यावर सगळ्या मुलखानं विनोद केले. ते विनोद तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहेत.

आता माझी शंका ऐका. हलकं म्हणजे लाईट आणि उजेड म्हणजेही लाईट. हे एका शब्दात दोन अर्थ कसे आले? फोर्टातल्या फुटपाथवरून एक जुनी डिक्शनरी घेतली होती, पुठ्ठा गेलेली. तिच्यात बघितलं, मग एका मास्तर मित्राला विचारलं. तर हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. फार जुन्या काळी त्यांचे आवाजही वेगळे होते. घासून घासून दोघांचा आवाज एक झाला. उजेडवाल्या लाईटचे नातेवाईक संस्कृतात रुच्, रोचना, म्हणजे चमकणं. आणि हलक्या लाईटचा नातेवाईक कोण? लघु. या लघूचं प्राकृतात लहु झालं, मग अक्षरं उलटीपालटी होऊन हलु झालं, आणि मराठीत त्याचा झाला हलका. त्याचंच हळू पण झालं. म्हणजे बार्शी लाईट हलकी होती आणि हळू होती, आणि तिन्ही शब्द एकाच घरातले. आपण ज्या कागदावर लिहितो त्याला लघुनियतकालिक म्हणतात, म्हणजे आपणही त्याच घरातले. लाईटच.

इथवर गंमत झाली. आता गंमत संपली.

हलका. हा शब्द तुम्ही कुठं ऐकला? मी पहिल्यांदा ऐकला तो वजनाच्या काट्यावर ऐकला नाही. "हलक्या जातीचा." "हलक्या घरातला." "हलकी कामं करणारी माणसं." किराणा दुकानात हलका माल वेगळा ठेवतात, तसं गावानं आपल्याला वेगळं ठेवलं, गावकुसाबाहेर.

मी डोक्याला ताण देऊन विचार करतो. हलकी कामं म्हणजे कुठली? मेलेलं ढोर ओढून नेणं. म्हशीचं वजन कितीही असो. लाकडं फोडणं. दगड फोडणं. मैला वाहणं. धान्याचं पोतं पाठीवर घेऊन फळीवर चढणं. यातलं एक तरी काम वजनानं हलकं आहे का? गादीवर बसून वही लिहिणाऱ्याचं काम वजनदार, आणि वहीत लिहिलेलं पोतं उचलणाऱ्याचं काम हलकं! ही भाषा कुणी केली? ज्यानं कधी पोतं उचललं नाही त्यानं केली. उचलणाऱ्याला विचारलं असतं तर शब्दकोश वेगळा छापला गेला असता.

माझा आज्जा कुर्डुवाडीला हमाल होता. बार्शी लाईट तिथं मोठ्या लाईनीला भेटायची. पण अडीच फुटांवरचा डबा साडेपाच फुटांवर चालत नाही. म्हणून लातूर-बार्शीकडनं आलेला माल लहान डब्यातून काढायचा आणि मोठ्या डब्यात भरायचा. ज्वारी, तूर, सरकी, जे असेल ते. कंपनीनं रूळ अरुंद टाकून पैसा वाचवला, त्याची फेड माणसाच्या पाठीनं केली. आज्जा सांगायचा, पोतं शंभर किलोचं. पाठीवर घेतलं की फक्त पायाखालची जमीन दिसते, बाकी काही दिसत नाही. 1967 साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटना बसली आणि तिनं शिफारस केली की एका गड्याला 55 किलोच्या वर ओझं द्यायचं नाही. आज्ज्याला ही बातमी कुणी दिली नाही. 1969 ला महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तो संघटनेच्या जोरावर झाला, कुणाच्या दयेवर झाला नाही. पण आज्ज्याच्या पाठीचा मणका तोवर वाकलेला होता, तो शेवटपर्यंत वाकलेलाच राहिला.

आणि त्याला गावात काय म्हणायचे? हलक्या जातीचा.

मी मुंबईत गोदीवर आलो तेव्हा हा शब्द तिथंही माझ्या आधी पोचलेला होता. मोठ्या जहाजाला पाणी खोल लागतं. धक्क्याला लागता येत नसलं की ते बाहेर समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि माल होड्यांमध्ये, बार्जमध्ये उतरवतात. त्या बार्जला जुना शब्द आहे लाईटर. सिगारेट पेटवायचा लाईटर वेगळा. जहाजाला हलकं करतो म्हणून हा लाईटर. पण वजन कुठं नाहीसं होत नाही भावांनो. जहाज हलकं होतं म्हणजे बार्ज भारी होतो. बार्ज हलका होतो तेव्हा आमच्या टोळीचे खांदे भरून येतात. क्रेन आहेत, कबूल. सगळीकडं नाहीत, आणि क्रेनच्या हुकाला माल अडकवायला अजून माणूसच लागतो.

दुसरं सांगतो. दारूखान्यात जुनी जहाजं तोडतात. तोडायच्या जहाजाचा सौदा लाईट टनावर होतो. माल नाही, तेल नाही, माणसं नाहीत, नुसत्या रिकाम्या जहाजाचं वजन, त्याला लाईट म्हणतात. हे लाईट हजारो टनांचं असू शकतं. नुसतं लोखंड. ते गॅसकटरनं कापणारा माणूस दिवसभर ठिणग्यांत उभा असतो. डोळ्यांसमोर लाईट, हातांत लाईट, आणि शब्दाचा अर्थ विचाराल तर म्हणे वजन नसलेलं.

आता शाळेत या. माझ्या वर्गात एक सर होते. शाळा कुठली ते सोडा, अशा शाळा सगळीकडं आहेत. मला गणित सुटायला वेळ लागायचा. सर म्हणायचे, "ही ट्यूबलाईट. हिला पेटायला वेळ लागतो." सगळा वर्ग हसायचा. मग पुढचं वाक्य यायचं, "ह्यांना काय, ह्यांना कमी मार्कांवर पण नोकरी आहे." परत हसायचे. मी पण हसायचो. हे आज तुमच्यासमोर कबूल करतो, मी पण हसायचो. एकट्यानं न हसणं फार जड असतं.

आमच्या घरी तेव्हा ट्यूबलाईट नव्हती. एक पिवळा बल्ब होता, तोही आकड्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आकडा म्हणजे तारेचा हुक करून खांबावरच्या तारेला टाकायचा. चोरी आहे, नाकारत नाही. पण मीटरसाठी दिलेला अर्ज वर्षभर फिरत राहिला तर पोरगा दहावीचा अभ्यास कशावर करणार? बाप सांगतो, तो लहान असताना गावात खांब आले. शेवटचा खांब मारुतीच्या देवळापाशी रोवला. तिथनं महारवाडा दोन-अडीचशे पावलं. तार संपली म्हणाले. मारुतीपर्यंत बरोबर पुरली आणि माणसापर्यंत येताना संपली. रात्री आज्जी उंबऱ्यात बसून देवळावरचा दिवा बघायची. सात-आठ वर्षं तिनं लाईट अशी लांबून बघितली, जशी पाटलाच्या विहिरीचं पाणी लांबून बघितलं होतं.

आता या गावाला मी एक प्रश्न विचारतो. गावाला आणि तार संपली म्हणणाऱ्याला. ही लाईट देशात आणायचा विचार कुणी केला, माहीत आहे?

1942 च्या जुलैत बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज ही कामंही त्यांच्याकडं होती. 1943 च्या ऑक्टोबरात विजेच्या धोरणाची समिती बसली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गरिबीच्या चक्रातून सुटायचं तर उद्योग वाढले पाहिजेत, आणि उद्योगाला वीज पाहिजे, स्वस्त पाहिजे, भरपूर पाहिजे. वीज नुसती नफ्यासाठी विकायची वस्तू राहता कामा नये. 1944 साली केंद्रात विजेचं तांत्रिक मंडळ निघालं. त्या पायावर 1948 चा वीजपुरवठा कायदा झाला, त्या कायद्यानं राज्याराज्यांत वीज मंडळं आली. आपलं महाराष्ट्राचं मंडळ 1960 चं. म्हणजे मारुतीच्या देवळापाशी जो खांब उभा राहिला, त्याच्या मुळाशी हात कुणाचा होता? ज्या माणसाला शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं, त्याचा.

हे आपल्याला कुणी शिकवलं का? बाबासाहेब म्हणजे घटना, एवढंच शिकवलं. घटना शिकवली हेही थोडं नाही. पण मजूरमंत्री बाबासाहेब, विजेचे बाबासाहेब, धरणांचे बाबासाहेब गाळून टाकले. 1924 साली बहिष्कृतांच्या परिषदेसाठी बाबासाहेब या बार्शीत आले होते. त्या वेळी बार्शीला यायला रेल्वे एकच, ही बार्शी लाईट. त्या गोष्टीला शंभर वर्षं होऊन गेली. आजही वस्तीतली डीपी जळाली की ती बदलायला किती दिवस लागतात आणि बाजारपेठेतली जळाली की किती तास लागतात, हे तुम्ही इथं बसलेले कार्यकर्ते एका वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, कुणाला फोन केला, काय उत्तर आलं. भाषणापेक्षा ती वही जास्त कामाची आहे.

आता शेवटचा अर्थ, ज्याच्यासाठी मी उभा राहिलो. लाईट घे.

आमच्या टोळीत सगळ्या जातींची पोरं आहेत. जेवायला एकत्र बसतो. एक दिवस एकानं विनोद केला. कोट्याचा विनोद होता, तुम्ही ऐकलेला आहे, मी इथं परत सांगणार नाही. मी जेवण थांबवलं. म्हटलं, यात हसण्यासारखं काय? तो म्हणाला, "च्यायला, लाईट घे ना. तू लगेच पर्सनल होतो." बाकीचे पण म्हणाले, लाईट घे. वाईट पोरं नाहीत ती. माझा पाय दोरात अडकला होता तेव्हा त्यानंच मला ओढून काढलं होतं. म्हणून जास्त लागलं.

रात्री झोप आली नाही. विचार केला, हा मला काय घ्यायला सांगतोय? माझ्या आज्ज्यानं शंभर किलो घेतले, ते लाईट घेतले का? आज्जीनं सात-आठ वर्षं देवळाचा दिवा लांबून घेतला. वर्गातलं हसणं मी घेतलं. आता या सगळ्यावर हा आणखी एक ओझं ठेवतोय आणि वरून सांगतोय की हे हलकं आहे, हलकं म्हणूनच घे. हेच तर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. ओझं त्यांनी ठेवायचं, आणि त्याचं वजन किती हे पण त्यांनीच सांगायचं! काटा त्यांचा, माप त्यांचं, पाठ आमची.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हे सगळं सांगितलं. शिवी दिली नाही. 1989 चा कायदा आहे आणि गरज पडेल तिथं तो वापरायलाच पाहिजे, पण इथं मी आधी तोंड वापरलं. आज्ज्याचं सांगितलं, ट्यूबलाईटचं सांगितलं. तो गप्प बसला. माफी वगैरे मागितली नाही, सिनेमात मागतात तशी. पण त्यानंतर माझ्यासमोर तसला विनोद केला नाही. माझ्यामागं करत असेल. तेवढ्यावर मी खूश नाही, पण मी त्या दिवशी हसलो नाही, हे माझ्या हिशोबात मोठं आहे. वर्गात हसलेलं थोडं फिटलं.

म्हणून सांगतो, लाईट घेऊ नका. ऑफिसात, हॉस्टेलात, मोबाईलच्या ग्रुपवर कुणी "लाईट घे" म्हणालं की विचारा, किती किलो? वजन आम्ही सांगणार. ज्याच्या पाठीवर आहे तो सांगणार.

पण एकट्यानं हे जमत नाही. त्यासाठी परत तुमच्या बार्शी लाईटकडं येतो, कारण त्या कॅलथ्रॉपची एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हा वजनाचा विचार करणारा माणूस, पुढं त्यानं विमानातनं उडी मारायचं पॅराशूटही केलं. तर लोक म्हणायचे, हलक्या रुळांवर भारी माल कसा जाईल? रूळ दबतील. त्यानं हिशोब मांडला. रुळाला सगळ्या गाडीचं वजन एकदम लागत नाही, एकेका एक्सलचं लागतं. म्हणून त्यानं नियम केला, इंजिन असो, डबा असो, कुठल्याही एक्सलवर पाच टनांच्या वर वजन यायचं नाही. चार एक्सलचा डबा केला तर वीस टन झाले. रूळ हलके, माल भारी, आणि गाडी शंभरावर वर्षं चालली. वजन सारखं वाटलं म्हणून चालली.

आपल्या चळवळीत काय होतं? सगळं वजन एका नेत्यावर. तो एक्सल मोडला की गाडी आडवी. नाहीतर सगळं वजन वस्तीतल्या चार गरीब पोरांवर. केस त्यांच्यावर, मार त्यांना, तारखा त्यांना. आणि मोर्च्याच्या आदल्या रात्री भाकऱ्या थापणाऱ्या बायांवर किती वजन असतं, त्याचा तर कुणी हिशोबच मांडला नाही. शिकून नोकरीला लागलेला भाऊ फक्त 14 एप्रिलला दिसतो. त्याच्या एक्सलवर किती टन? शून्य. मग रूळ दबणारच. प्रत्येकानं आपले पाच टन घ्यायचे. वकिलाचे पाच, मास्तराचे पाच, कवीचे पाच. कवीचे तर दहा पाहिजेत, कारण कवी लई हलकं जगतो. हसा, हसा, हे माझ्यावरच आहे.

शेवटचं सांगतो आणि बसतो. तथागतांनी अखेरच्या काळात आनंदाला सांगितलं की दुसऱ्या कुणाच्या आसऱ्याला जाऊ नका, स्वतःच स्वतःचे दीप व्हा. विहारात आपण ऐकतो, भिंतीवर लिहितो. पण पालीत दीप या शब्दाचे पण दोन अर्थ आहेत. एक दिवा. दुसरा बेट. संस्कृतातले दीप आणि द्वीप दोन्ही पालीत दीपच झाले. लाईटसारखंच झालं बघा. पंडित यातला कुठला खरा यावर वाद घालतात. घालू देत. मी गोदीतला माणूस, मला वाद पडत नाही. मुंबईत कुलाब्याच्या पुढं समुद्रात खडकावर एक दीपगृह आहे, प्रॉन्ग्ज म्हणतात, 1875 सालचं. चारी बाजूंनी पाणी आणि वर दिवा. ते बेट पण आहे आणि दिवा पण आहे. भरती येते, लाटा आदळतात, ते जागचं हलत नाही. हलकं असतं तर केव्हाच वाहून गेलं असतं.

आपण हलके नाही. परत लाईट गेली तर मागच्या पोरांनी गप्प बसू नये. बाहेर पडावं, डीपीपाशी जावं, आणि वहीत वेळ लिहावी.

जयभीम.